गुरूवाचून फ्रेंच

विद्या गुरुमुखातून घ्यावी, असा आपल्याकडे जुना संकेत आहे. तो केवळ आदरापोटी निर्माण झालेला नाही. त्यात व्यवहारही आहे. गुरू शिष्याला तीन गोष्टी देतो. तो शब्दाचा अर्थ सांगतो, शब्दाचा उच्चार ऐकवतो, आणि शिष्य जे म्हणून दाखवील ते कान देऊन ऐकतो व चुकेल तेथे त्याला थांबवतो. परभाषा शिकताना तर या तिन्ही गोष्टींवाचून पाऊल पुढे पडत नाही. मग ज्याला गुरू परवडत नाही, ज्याचे शाळेत बसण्याचे वय उलटून गेले आहे आणि ज्याचा सारा दिवस पोटाच्या उद्योगात जातो, त्याने परभाषा शिकूच नये की काय? एकोणिसाव्या शतकातील युरोपात हा प्रश्न असंख्य प्रौढ माणसांपुढे उभा राहिला, आणि बहुधा तो फ्रेंच भाषेच्या निमित्तानेच उभा राहिला. त्या प्रश्नाची जी निरनिराळी उत्तरे माणसांनी शोधून काढली, त्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. इतकेच नव्हे, तर कोणतीही भाषा मोठेपणी शिकू पाहणाऱ्यास तो उपयोगी पडण्याजोगा आहे.

फ्रेंच भाषेला हे महत्त्व का आले, हे प्रथम पाहिले पाहिजे. १७१४ साली राश्टाट येथे फ्रान्स आणि जर्मन सम्राट यांच्यामध्ये तह झाला, तो फ्रेंच भाषेत लिहिला गेला. तोपर्यंत अशा तहांची भाषा सामान्यतः लॅटिन असे. तेव्हापासून पुढे दोनशे वर्षे युरोपातील राजदूतांचा व्यवहार मुख्यतः फ्रेंचमध्ये चालला. १९१९ सालचा व्हर्सायचा तह फ्रेंचबरोबर इंग्रजीतही अधिकृत मानला गेला, तेव्हा कोठे ही मक्तेदारी संपली. दरबार, व्यापार, शास्त्र, नाटक, पोशाख, स्वयंपाक, कशाचीही गोष्ट निघो, फ्रेंच ज्याला येई त्याला चार दारे अधिक उघडी असत. श्रीमंतांची मुले घरी ठेवलेल्या फ्रेंच शिक्षिकेच्या मांडीवर बसून ही भाषा उचलीत. परंतु पेढीवरचा कारकून, दुकानातला गुमास्ता किंवा खेड्यातून शहरात आलेला होतकरू तरुण यांना ती सोय कोठून असणार? त्यांच्या दृष्टीने फ्रेंच हा अलंकार नव्हता. तो भाकरीचा प्रश्न होता.

आणि ही भाषा तर अशी की पुस्तकावर विसंबणाऱ्याला ती हमखास फसवते. देवनागरी वाचणाऱ्याला अक्षर पाहताच उच्चार कळतो. फ्रेंचचे तसे नाही. 'पाणी' या अर्थाचा फ्रेंच शब्द तीन अक्षरांनी लिहितात आणि त्या तिहींचा मिळून उच्चार होतो तो नुसता 'ओ'. 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' या दोन वाक्यांतील क्रियापदे कागदावर निराळी दिसतात, पण कानाला ती एकच. शब्दाच्या शेवटी लिहिलेले व्यंजन पुष्कळदा मुके असते. मात्र पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की ते मुके व्यंजन अनेकदा एकाएकी बोलू लागते. त्यातच अनुनासिक स्वरांची भर! कोकणी बोलणाऱ्याच्या तोंडी असे स्वर सहज असतात. इंग्रज किंवा जर्मन जिभेला मात्र ते मोठ्या कष्टाने साधतात. सारांश, केवळ पुस्तकावरून शिकणाऱ्याच्या हाती डोळ्यांची फ्रेंच लागते, कानाची आणि जिभेची लागत नाही.

तरीसुद्धा निव्वळ पुस्तकाच्या बळावर किती मजल मारता येते, याचा एक विलक्षण प्रयोग १८१८ साली लूव्हाँ येथे झाला. हे नगर आज बेल्जममध्ये आहे. त्या वेळी ते नेदरलँड्सच्या राज्यात मोडत असे. जोसेफ झाकोतो नावाचा फ्रेंच प्राध्यापक तेथील विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकवण्यासाठी आला. झाकोतोचा जन्म १७७० साली दिझाँ येथे झाला होता. राज्यक्रांतीच्या काळात त्याने तोफखान्यात चाकरी केली, नंतर अनेक विषय शिकवले, आणि १८१५ साली नेपोलियन परत आला त्या शंभर दिवसांत तो लोकप्रतिनिधी झाला. बूर्बाँ राजे पुन्हा गादीवर आल्यावर त्याला देश सोडावा लागला. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो परक्या मुलखात व्याख्यानाला उभा राहिला, तेव्हा समोरच्या अनेक विद्यार्थ्यांना फ्रेंच येत नव्हते आणि त्याला स्वतःला त्यांची फ्लेमिश भाषा येत नव्हती. गुरू होता, शिष्य होते. पण त्यांच्यामध्ये भाषेचा पूलच नव्हता.

त्याच सुमारास ब्रसेल्सला 'तेलेमाक' या फ्रेंच कादंबरीची एक आवृत्ती निघाली होती. तिच्यात मूळ फ्रेंच आणि त्याचे भाषांतर समोरासमोर छापलेले होते. झाकोतोने दुभाष्यामार्फत विद्यार्थ्यांना सांगितले की, हे पुस्तक घ्या, भाषांतराच्या आधाराने फ्रेंच मजकूर समजून घ्या, पहिला अर्धा भाग पुन्हा पुन्हा म्हणून तोंडपाठ करा, आणि उरलेला भाग त्यातील गोष्ट सांगता येईल इतपत वाचा. पुढे त्याने त्यांना वाचलेल्या मजकुरावर आपले मत फ्रेंचमध्ये लिहून आणण्यास सांगितले. व्याकरणाचा एक नियमही कोणी त्यांना समजावून दिला नव्हता. कागदावर काय काय चुका पाहाव्या लागतील, या धास्तीने झाकोतोने ते निबंध हाती घेतले आणि तो चकित झाला. मुलांनी बरे फ्रेंच लिहिले होते. शब्दांचे अर्थ, प्रत्ययांचे बदल, वाक्याची ठेवण हे सारे त्यांनी एका वाक्याची दुसऱ्याशी तुलना करून स्वतःच हुडकून काढले होते.

या अनुभवावर झाकोतोने आपली 'सार्वत्रिक शिक्षणा'ची उपपत्ती उभारली आणि १८२३ पासून ग्रंथरूपाने ती मांडली. तिचे सार असे की, एक गोष्ट पुरती शिकावी आणि बाकीच्या सर्व गोष्टी तिच्याशी ताडून पाहाव्या. सर्व माणसांची बुद्धी सारखीच असते, कमीअधिक असते ती इच्छा, असेही त्याचे म्हणणे होते. या मतावर त्या काळी पुष्कळ वादळ उठले. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी, १९८७ साली, झाक रांसिएर या फ्रेंच तत्त्वज्ञाने 'अज्ञानी गुरू' या अर्थाचे नाव असलेला ग्रंथ लिहून झाकोतोची आठवण पुन्हा जागी केली. बुद्धी सारखी असो वा नसो, एक गोष्ट मात्र लूव्हाँ येथे दिसून आली. गुरूच्या तीन कामांपैकी पहिले काम, म्हणजे अर्थ सांगण्याचे, समोरासमोर छापलेल्या भाषांतराने भागू शकते.

ज्या पुस्तकाने हा चमत्कार केला त्याची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. 'तेलेमाक' हे फेनेलाँ या धर्माधिकाऱ्याने चौदाव्या लुईच्या नातवाला शिकवण्यासाठी लिहिले आणि ते १६९९ साली प्रसिद्ध झाले. ग्रीक वीर युलिसीस याचा मुलगा बापाच्या शोधार्थ देशोदेशी हिंडतो आणि त्याच्याबरोबर मेंटर नावाचा वृद्ध मार्गदर्शक असतो; तो वृद्ध म्हणजे वेष पालटून आलेली विद्येची देवताच. 'मेंटर' हे विशेषनाम युरोपीय भाषांत मार्गदर्शक या अर्थी सामान्यनाम होऊन बसले, त्याला हे पुस्तकच मुख्यतः कारण झाले. त्याची भाषा स्वच्छ, वाक्ये रेखीव आणि मजकूर बोधपर. त्यामुळे सबंध युरोपभर फ्रेंच शिकण्याचे ते क्रमिक पुस्तकच बनले. ज्या गोष्टीत राजपुत्राला पावलोपावली गुरू सोबत करतो, तीच गोष्ट निगुऱ्या माणसांचा गुरू झाली!

अशाच एका निगुऱ्या माणसाच्या हाती १८४२ च्या सुमारास 'तेलेमाक' पडले. त्याचे नाव हाइन्रिख श्लीमान. पुढे ट्रॉय आणि मायसीनी येथील उत्खननांनी जगभर गाजलेला पुराणवस्तुसंशोधक तो हाच. परंतु त्या वेळी तो वीस वर्षांचा, ॲम्स्टरडॅममधील एका व्यापारी पेढीवरचा हरकाम्या होता. त्याचा जन्म १८२२ साली उत्तर जर्मनीत एका पाद्र्याच्या घरी झाला. घराची वाताहत झाल्यामुळे चौदाव्या वर्षी तो किराणा दुकानात नोकरीस लागला. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत हेरिंग मासे, लोणी आणि दारू विकण्यात त्याची साडेपाच वर्षे गेली. पिंप उचलताना छातीला इजा झाली, नोकरी गेली. १८४१ च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर तो पोऱ्या म्हणून चढला. ते जहाज डिसेंबरच्या वादळात हॉलंडच्या किनाऱ्याजवळ फुटले. नेसत्या वस्त्रानिशी वाचलेला हा तरुण ॲम्स्टरडॅमला आला आणि हुंड्यांवर शिक्के मारणे, त्यांचे पैसे वसूल करून आणणे व टपाल पोहोचवणे ही कामे करू लागला.

त्याचे वेतन होते वर्षाला ८०० फ्रँक. त्यातील निम्मे तो विद्येवर खर्च करी. महिना ८ फ्रँक भाड्याच्या माळ्यावरच्या खोलीत, ऐन थंडीत शेकोटीवाचून, राईच्या पिठाची पेज पिऊन तो राहत असे. आधी त्याने इंग्रजी घेतले. पुढे स्वतःच्या चरित्रात त्याने आपली पद्धत सविस्तर लिहून ठेवली आहे. भाषांतर न करता पुष्कळ मजकूर मोठ्याने वाचावा. रोज एक धडा घ्यावा. आवडीच्या विषयावर रोज लिहावे. ते शिक्षकाकडून दुरुस्त करून घ्यावे. आणि दुरुस्त केलेले पाठ करून दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवावे. उच्चार कानावर पडावे म्हणून तो दर रविवारी दोनदा इंग्रजी प्रार्थनामंदिरात जाई आणि प्रवचनकाराच्या मागोमाग प्रत्येक शब्द हळूच पुटपुटे. निरोप पोहोचवताना, पावसातसुद्धा, त्याच्या हातात पुस्तक असे. टपाल कचेरीत खोळंबा झाला तर तेवढ्यात तो चार ओळी पाठ करी. इंग्रजीला त्याला सहा महिने लागले. नंतरच्या सहा महिन्यांत त्याने हीच रीत फ्रेंचला लावली. त्यासाठी 'तेलेमाक' आणि बेर्नार्दां द सां-पिएर याची 'पॉल आणि व्हिर्जिनी' ही दोन पुस्तके त्याने अथपासून इतिपर्यंत मुखोद्गत केली.

आपल्याकडे पाठांतराची थोरवी सांगावयास नको. परंतु श्लीमानचे पाठांतर नुसती घोकंपट्टी नव्हती. वाचणे, ऐकणे, लिहिणे, दुरुस्त करून घेणे आणि म्हणून दाखवणे या पाच वाटांनी तो एकाच मजकुराकडे जात होता. एका वाटेने निसटलेले दुसऱ्या वाटेवर हाती लागे. त्याचे फळही त्याला लवकरच मिळाले. १८४४ साली श्रोडर या मोठ्या पेढीवर पत्रव्यवहार पाहणारा म्हणून त्याला १२०० फ्रँकांची नोकरी मिळाली, आणि थोड्याच दिवसांत ते वेतन २००० वर गेले.

पुढे ही पेढी नीळ घेणाऱ्या रशियन व्यापाऱ्यांशी व्यवहार करते हे पाहून त्याने रशियन भाषा हाती घेतली, तेव्हा सबंध शहरात त्याला शिक्षक मिळेना. एक जुने व्याकरण, एक कोश आणि 'तेलेमाक'चे एक वाईट रशियन भाषांतर, एवढेच साहित्य. फ्रेंचमध्ये पाठ असलेले पुस्तक पुन्हा रशियनमध्ये पाठ करावयाचे, असा त्याने बेत केला. मग त्याच्या लक्षात आले की, कोणी ऐकणारे असले म्हणजे अभ्यास अधिक वेगाने होतो. त्याने आठवड्याला ४ फ्रँक देऊन एक गरीब ज्यू गृहस्थ ठरवला. तो रोज संध्याकाळी येई आणि दोन तास रशियन पाठांतर ऐकत बसे. त्याला रशियनचे अक्षरही कळत नव्हते! घराच्या पातळ फळ्यांतून हा घोष खाली जाई, भाडेकरू तक्रार करीत, आणि त्यापायी श्लीमानला दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले. परंतु सहा आठवड्यांत त्याने पहिले रशियन पत्र लिहिले, आणि १८४६ च्या जानेवारीत पेढीने त्याला आपला मुखत्यार म्हणून सेंट पीटर्सबर्गला धाडले.

श्लीमान स्वतःविषयी लिहिताना हात आखडता घेणारा गृहस्थ नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. १९७० नंतर संशोधकांनी त्याचे लेखन मूळ कागदपत्रांशी ताडून पाहिले, तेव्हा त्यात बरीच अतिशयोक्ती आणि काही निव्वळ कल्पित प्रसंगही आढळले. त्यामुळे सहा महिने, सहा आठवडे हे त्याचे आकडे जसेच्या तसे धरून चालणे शहाणपणाचे नाही. तथापि त्याच्या अनेक भाषांतील दैनंदिन्या आणि पत्रे अथेन्सच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. मुदतीविषयी शंका घेता येईल, ज्ञानाविषयी घेता येणार नाही.

केवळ पाठांतराने भाषा येत नाही, याचेही एक बोलके उदाहरण त्याच शतकात घडले. फ्रांस्वा ग्वँ हा फ्रान्समधील लॅटिनचा शिक्षक जर्मन शिकण्यासाठी हांबुर्गला गेला. त्याने दहा दिवसांत जर्मन व्याकरण आणि २४८ अनियमित क्रियापदे पाठ केली. महाविद्यालयात जाऊन बसला. एक शब्द कळेना. मग त्याने एका महिन्यात ३०,००० शब्दांचा कोशच्या कोश पाठ केला, तरीही तेच. निराश होऊन तो घरी आला, तेव्हा त्याचा तीन वर्षांचा भाचा घडाघडा बोलू लागला होता. एके दिवशी त्या मुलाला गिरणी दाखवून आणली. पाहिलेली प्रत्येक गोष्ट तो ओळीने, एकापुढे एक, सर्वांना सांगत सुटला. भाषा सुट्या शब्दांनी बनत नाही, एकामागून एक घडणाऱ्या क्रियांच्या साखळीने बनते, हे ग्वँला तेथे उमगले. १८८० साली त्याने त्यावर ग्रंथ लिहिला. श्लीमानने कोश पाठ केला नाही, गोष्ट पाठ केली. दोघांच्या श्रमांत फरक नव्हता. फळातला फरक मात्र येथून आला.

अर्थाचा प्रश्न सुटला, पाठांतराचे मर्म कळले. तरी उच्चाराचे कोडे उरलेच होते. प्रार्थनामंदिर काही प्रत्येक गावी नसते. हे कोडे बर्लिनच्या गुस्टाव्ह लांगेनशाइट या तरुणाने हाती घेतले. पायी प्रवास करीत युरोप हिंडताना परक्या मुलखात मुक्याप्रमाणे राहण्याची लाज त्याने अनुभवली होती. शार्ल तुसाँ या फ्रेंच शिक्षकाच्या सहकार्याने त्याने फ्रेंचच्या स्वयंशिक्षणासाठी पत्ररूपाने पाठ रचले. त्यांत प्रत्येक शब्दाचा उच्चार दाखवणारी स्वतंत्र चिन्हे दिलेली होती. एकही प्रकाशक हे पाठ छापावयास तयार होईना. तेव्हा १८५६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, लांगेनशाइटने स्वतःच प्रकाशनसंस्था काढली. कोश आणि भाषाशिक्षण यांसाठी पुढे जर्मनीत घरोघरी पोहोचलेली संस्था ती हीच.

परंतु उच्चाराचे चिन्ह म्हणजे उच्चार नव्हे. रागाचे स्वरलेखन म्हणजे जसे गाणे नव्हे, तसेच हे. १८७७ साली एडिसनने ध्वनिलेखनाचे यंत्र शोधले आणि पुढच्या पंचवीस वर्षांत त्याचा उपयोग भाषा शिकवण्याकडे होऊ लागला. १९०१ साली लंडनमध्ये जॅक रोस्टन याने लिंग्वाफोन ही संस्था स्थापन केली. प्रथम मेणाच्या नळकांड्यांवर आणि मग तबकड्यांवर जातिवंत फ्रेंच माणसाचा आवाज शिकणाऱ्याच्या घरात आला. १९२० नंतरच्या दशकात लंडनच्या नभोवाणीवरून फ्रेंचचे पाठ प्रसृत होऊ लागले, आणि तबकडी घेण्याची ऐपत नसलेल्यालाही तो आवाज खुला झाला. आज तर हातात मावणाऱ्या यंत्रावर वाटेल त्या घटकेला फ्रेंच ऐकता येते, बोललेले तपासूनही मिळते. गुरूचे दुसरे काम, उच्चार ऐकवण्याचे, अशा रीतीने यंत्राने पत्करले.

राहिले तिसरे काम, ऐकण्याचे. चूक दाखवणे हा त्यातला अर्धाच भाग आहे. ॲम्स्टरडॅमच्या त्या ज्यू गृहस्थाला एकही चूक दाखवता येत नव्हती, तरी त्याच्यावाचून अभ्यास चालत नव्हता. तो येणार म्हणून पाठ तयार ठेवावा लागे. तो समोर बसला म्हणून आवाज मोठा काढावा लागे. त्याचे ४ फ्रँक द्यावयाचे म्हणून ती संध्याकाळ फुकट घालवता येत नसे. मोठेपणी शिकणाऱ्याचा खरा शत्रू मंद बुद्धी नव्हे, उद्यावर ढकलण्याची सवय हा आहे. लहान मुलाला शाळेची घंटा असते. प्रौढाला घंटा स्वतःच बांधावी लागते. श्लीमानने ती एका अडाणी श्रोत्याच्या रूपाने बांधली होती.

त्याच्या फ्रेंचचे पुढे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. १८५६ साली त्याने आधुनिक ग्रीक भाषा घेतली, तेव्हा 'पॉल आणि व्हिर्जिनी'चे ग्रीक भाषांतर मिळवून त्यातला एकेक शब्द पाठ असलेल्या फ्रेंच शब्दाशी ताडून पाहिला, आणि कोश उघडण्यात एक क्षणही न दवडता तो ग्रीक शिकला. झाकोतोच्या शिष्यांनी फ्लेमिशच्या शिडीने फ्रेंच गाठली होती. श्लीमानने फ्रेंचचीच शिडी करून होमरची भूमी गाठली. १८६४ साली तो जगप्रवासास निघाला. मद्रास, कलकत्ता, काशी, आग्रा, दिल्ली पाहून चीन व जपानला गेला. तेथून सान फ्रान्सिस्कोला जाताना एका लहान इंग्रजी जहाजावर पन्नास दिवस काढावे लागले. त्या दिवसांत त्याने आपले पहिले पुस्तक लिहिले. चीन व जपान यांविषयीचे ते पुस्तक १८६७ साली पॅरिसला प्रसिद्ध झाले. ते त्याच्या मातृभाषेत, म्हणजे जर्मनमध्ये नव्हते. ज्या पेढीत त्याने मोठी दौलत मिळवण्याचा पाया घातला तिथल्या डच भाषेतही नव्हते. ते फ्रेंचमध्ये होते. शेकोटीवाचूनच्या खोलीत, निम्मा पगार खर्चून, टपाल कचेरीच्या रांगेत उभ्या उभ्या जोडलेली ती विद्या वीसहून अधिक वर्षांनंतर, भर समुद्रात, पुस्तके आणि गुरू दोन्ही दूर असताना, लेखणीच्या टोकाशी हजर होती.